पूर्वपक्ष कुठे गेला?

२०२५च्या जूनमध्ये आमच्या शाळेच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस वाद पेटला होता. विषय पहिलीपासूनच्या हिंदीचा. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने हिंदी ही तिसरी भाषा म्हणून अनिवार्य केली होती. त्यावर गदारोळ झाला आणि १७ जूनला सुधारित निर्णय आला. ग्रुपवरचे अर्धे म्हणत होते, सक्ती कायम आहे. उरलेले म्हणत होते, सक्ती केव्हाच गेली, आता नुसतं राजकारण चाललंय. दोन्हीकडून पुरावा म्हणून वृत्तवाहिन्यांचे स्क्रीनशॉट पडत होते. चाळीस वर्षांची ओळख असलेली माणसं एकमेकांची लायकी काढू लागली. मीही दोन मेसेज असे टाकले, की आज ते वाचवत नाहीत.

तिसऱ्या दिवशी रात्री आमच्यातली एक मैत्रीण बोलली. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून ती निवृत्त झाली आहे. तिने दोन्ही शासन निर्णयांच्या पीडीएफ टाकल्या आणि लिहिलं, "आधी हे वाचा रे. मग भांडा." आम्ही वाचलं. 'अनिवार्य' हा शब्द गेला होता आणि त्याच्या जागी हिंदी 'सर्वसाधारणपणे' तिसरी भाषा असेल, असं आलं होतं. दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर तीही घेता येणार होती, पण त्यासाठी वर्गात किमान २० विद्यार्थ्यांची मागणी लागणार होती. म्हणजे सक्ती गेली म्हणणारे शब्दाने बरोबर होते आणि सक्ती आहे म्हणणारे व्यवहाराने. मैत्रिणीने पुढे लिहिलं, "माझ्या शेवटच्या शाळेत पहिलीला अकरा मुलं होती. वीस कुठून आणू?"

त्यानंतर वाद थांबला नाही, पण त्याचं रूप पालटलं. वीस हा आकडा का, लहान शाळांचं काय, शिक्षक कुठून येणार, यावर लोक बोलू लागले. २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पण माझ्या मनात राहिला तो पीडीएफनंतरचा तास. राजकारण, माध्यमं आणि तंत्रज्ञान यांबद्दल आपण ऑनलाइन जे भांडतो त्याबद्दल गेल्या काही वर्षांत पुष्कळ संशोधन झालं, खटले झाले, नियम झाले. त्या सगळ्याचा आढावा घेताना मी पुन्हा पुन्हा त्या तासापाशी येतो.

भांडण जुनंच आहे

सोशल मीडियाने आपली चर्चेची संस्कृती बिघडवली, असं सर्रास म्हटलं जातं. त्यात एक गृहीत लपलेलं असतं, की पूर्वी आपण सभ्यपणे वाद घालत होतो. मराठी सार्वजनिक जीवनाचा इतिहास तसं सांगत नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढलं. १८४८पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये 'लोकहितवादी' या टोपणनावाने शतपत्रं येऊ लागली. आज ज्याला निनावी खातं म्हणून नाकं मुरडतो, त्या टोपणनावाच्या आडोशाने गोपाळ हरी देशमुखांनी आपल्याच समाजावर कठोर टीका केली. संमतिवयाची मर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेणाऱ्या १८९१च्या कायद्यावरून टिळकांचा 'केसरी' आणि आगरकरांचा 'सुधारक' समोरासमोर उभे राहिले. आगरकरांनी तर विरोधकांनी काढलेली स्वतःची प्रेतयात्रा जिवंतपणी पाहिली.

शिवाय त्या चर्चेत सगळ्यांना जागा नव्हती. कृष्णराव भालेकरांना १८७७मध्ये 'दीनबंधु' काढावं लागलं आणि बाबासाहेब आंबेडकरांना १९२०मध्ये 'मूकनायक', कारण प्रस्थापित पत्रांच्या रकान्यांत बहुजनांचा आणि दलितांचा आवाज उमटत नव्हता. 'मूकनायक' हे नावच ती गोष्ट सांगतं. आज तालुक्याच्या गावातली मुलगी मोबाइलवर बोलून टाइप करते आणि मंत्र्याला थेट प्रश्न विचारते, हे त्या जुन्या जगात शक्य नव्हतं. ऑनलाइन चर्चेची ही कमाई जमेच्या बाजूला ठळक मांडायला हवी. तोंड उघडणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून ज्यांना चर्चा बिघडल्यासारखी वाटते, त्यांच्याशी माझं जमणार नाही.

मग बिघडलं काय? आपल्याकडच्या न्यायदर्शनाने वादाचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याचं खोडत राहणं ही वितंडा. मराठीतला वितंडवाद हा शब्द तिथूनच आला. या परंपरेतल्या ग्रंथकाराची एक शिस्त होती. आधी प्रतिपक्षाचं म्हणणं, म्हणजे पूर्वपक्ष, त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायचा आणि मगच आपला उत्तरपक्ष. टिळक-आगरकरांच्या भांडणात भाषा तिखट होती, तरी ज्याला ठरवायचं असेल त्याला दोन्ही पत्रं विकत घेऊन दोन्ही लेख अथपासून इतिपर्यंत वाचता येत होते. आज प्रतिपक्षाचं म्हणणं आपल्यापर्यंत येतं ते आपल्याच बाजूच्या माणसाने कापलेल्या तुकड्यातून, वर त्याची टिप्पणी चिकटवून. ऑनलाइन वादात कडवटपणा आला हे खरंच, पण माझ्या मते मूळ दुखणं पूर्वपक्ष नाहीसा झाला हे आहे.

यंत्राचा वाटा

२००९ साली फेसबुकवर लाइकचं बटण आलं आणि त्याच वर्षी ट्विटरवर रिट्विटचं. दुसऱ्याचा मजकूर पुढे पाठवायला पूर्वी तो उतरवावा तरी लागायचा. त्या दोन-चार सेकंदांत माणूस विचार करायचा, तो वेळ एका बटणाने खाल्ला. रिट्विटचं बटण बनवणाऱ्या चमूचे प्रमुख ख्रिस वेदरेल यांनीच २०१९मध्ये त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला.

पुढचा टप्पा अल्गोरिदमचा. फेसबुकने २०१७पासून काही काळ इमोजीच्या प्रतिक्रियांना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं. त्यात रागाचा लाल चेहराही होता. म्हणजे ज्या पोस्टवर माणसं संतापली, ती अधिक लोकांपुढे गेली. कंपनीच्याच संशोधकांच्या लक्षात आलं, की अशा पोस्टमध्ये खोटं आणि विखारी जास्त असतं. २०२०मध्ये रागाचं वजन शून्यावर आणलं गेलं. २०२१मध्ये फ्रान्सेस हॉगेन यांनी कंपनीची अंतर्गत कागदपत्रं उघड केली तेव्हा हे जगाला कळलं. तीन वर्षं कोट्यवधी लोकांच्या चर्चेत कुणाचा आवाज मोठा व्हावा, हे एका आकड्याने ठरवलं आणि त्या लोकांना त्याचा पत्ताही नव्हता. माझ्या दृष्टीने यातला सगळ्यात मोठा अन्याय हाच आहे.

पण महाराष्ट्राचा विचार करताना एक गोष्ट विसरून चालत नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये नवे नियम जाहीर करताना केंद्र सरकारने जे आकडे दिले, त्यांनुसार भारतात व्हॉट्सॲप वापरणारे ५३ कोटी होते आणि ट्विटर वापरणारे पावणेदोन कोटी. आपला बहुतांश राजकीय वाद होतो तो घरच्या, सोसायटीच्या, शाळेच्या, जातीच्या, पक्षाच्या ग्रुपवर. तिथे काय वर दिसावं हे अल्गोरिदम ठरवत नाही, तिथे पाठवणारा हाडामांसाचा माणूस असतो. काकांनी पाठवलंय म्हणून आपण ते उघडतो आणि काकांनी पाठवलंय म्हणूनच खोटं आहे असं सांगायला कचरतो. अल्गोरिदमला दोष देऊन व्हॉट्सॲपवरचा विखार समजत नाही.

संशोधन काय सांगतं

या प्रश्नावरचं बरंचसं संशोधन अमेरिकेतलं आणि युरोपातलं आहे. ते आपल्याला जसंच्या तसं लागू होईल असं नाही, तरी त्याने काही सोप्या समजुती मोडल्या आहेत.

पहिली समजूत, खोट्या बातम्या यांत्रिक खाती पसरवतात. एमआयटीचे सोरूश वोसूगी, देब रॉय आणि सिनन अराल यांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या बातम्यांच्या सुमारे १ लाख २६ हजार साखळ्या तपासल्या. खोटी बातमी रिट्विट होण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. यांत्रिक खाती बाजूला काढली तरी निष्कर्ष बदलला नाही. नवलाचं, धक्कादायक असं काही दिसलं की माणूसच ते पुढे ढकलतो.

दुसरी समजूत, आपण आपापल्या बुडबुड्यात अडकलोय, विरुद्ध मत कानावर पडलं की आपोआप समजूतदार होऊ. एली पॅरिझर यांच्या २०११च्या पुस्तकाने ही कल्पना घरोघर पोचवली. २०१८मध्ये ख्रिस बेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी लोकांना महिनाभर विरुद्ध विचारांचे संदेश देणारं ट्विटर खातं वाचायला लावलं. रिपब्लिकन विचारांचे लोक त्यानंतर आपल्या मतात आणखी पक्के झाले. विरुद्ध मत येऊन आदळणं आणि विरुद्ध मत समजून घेणं यांत किती अंतर आहे, ते या प्रयोगातून दिसतं. प्रतिपक्षाची घोषणा रोज वाचली म्हणजे पूर्वपक्ष कळला असं होत नाही.

तिसरी समजूत, भला माणूस ऑनलाइन गेला की बिघडतो. डेन्मार्कच्या ऑर्हुस विद्यापीठातले अलेक्झांडर बोर आणि मिखाएल बँग पीटरसन यांनी २०२२मध्ये अमेरिका आणि डेन्मार्कमधल्या पाहण्यांवरून दाखवलं, की ऑनलाइन आक्रमक असणारी माणसं प्रत्यक्षातही तशीच असतात. फरक एवढाच, की चौकातलं त्यांचं ओरडणं चार जणांना ऐकू जायचं, इथे ते हजारोंना दिसतं.

चौथी समजूत, अल्गोरिदम काढला की सगळं निवळेल. २०२०च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी फेसबुकची मालक कंपनी मेटाच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत काही लोकांना तीन महिने फक्त काळाच्या क्रमाने पोस्ट दाखवल्या. त्यांचा तिथला वेळ कमी झाला, पण राजकीय मतांत लक्षणीय फरक पडला नाही. तीन महिने हा काळ थोडा आहे, हा आक्षेप रास्त आहे. तरी एक खिळा काढला की सगळी गाडी रुळावर येईल, ही आशा या प्रयोगाने मोडली.

हे सगळं एकत्र ठेवलं तर चित्र असं दिसतं. यंत्र आगीत तेल ओततं, पण ठिणगी आपलीच असते. चर्चा सुधारायची तर आपल्यालाही काही करावं लागेल, असाच याचा अर्थ मी घेतो.

जेव्हा म्हणणं ऐकलंच जात नाही

पूर्वपक्ष ऐकणं ही पंडितांची चैन आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना मी राईनपाड्याची आठवण देईन. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं हे आदिवासी गाव. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे संदेश त्या काळात मोबाइलवरून फिरत होते. सोलापूर जिल्ह्याकडून आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षुकीसाठी तिथे होती. जमावाने त्यांना पकडलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून पोट भरणाऱ्या माणसांना, आपण कोण आहोत एवढं सांगण्याचीही संधी त्या संदेशाने ठेवली नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे ती जगभर लागू झाली आणि एप्रिल २०२०मध्ये, खूपदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं झालं. हा उपाय मजकूर वाचत नाही, कुणाचं तोंड बंद करत नाही, फक्त हाताचा वेग कमी करतो. मला तो शहाणपणाचा वाटतो. पण त्याला मर्यादा आहेत, हे एप्रिल २०२०मध्येच दिसलं. १६ एप्रिलला पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे अफवेपायी जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाला मारलं. ती चित्रफीत बाहेर आल्यावर घटनेला धार्मिक रंग देणारे दावे समाजमाध्यमांवर पसरले. राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून, त्यात एकही मुस्लिम नाही, असं सांगावं लागलं.

इथे माध्यमांचा वाटा वेगळा सांगायला हवा. मोबाइलवरची चित्रफीत संध्याकाळी वाहिनीवर येते, तिच्यावर सहा चौकटींत सहा माणसं एकाच वेळी बोलतात, त्यातलं सगळ्यात जहाल वाक्य तीस सेकंदांचा तुकडा होऊन रात्री पुन्हा मोबाइलवर पोचतं. वार्ताहर गडचिंचल्याला जाऊन काय पाहून आला, याला त्या चक्रात जागा नसते. गावात जाऊन दोन्हीकडचं ऐकून लिहिणं हे वृत्तपत्राचं काम होतं, म्हणजे पूर्वपक्ष आणून देण्याचं काम. वादाचं चित्रीकरण वार्तांकनापेक्षा स्वस्त पडतं म्हणून ते काम मागे पडलं, आणि त्याचा तोटा ऑनलाइन भांडणाऱ्या प्रत्येकाला होतो. कच्चा मालच सडका असेल तर स्वयंपाक कसा बरा होणार?

कायद्याने कुठवर जायचं

मग कायदाच कडक करा, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी पालघरचीच आणखी एक घटना लक्षात ठेवावी. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला आणि दुसरीने ती पोस्ट लाइक केली. दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ मध्ये त्रासदायक, गैरसोयीचं असे इतके सैल शब्द होते, की कुणालाही त्यात ओढता येई. २४ मार्च २०१५ला 'श्रेया सिंघल' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं. न्या. रोहिंटन नरिमन यांनी त्या निकालात तीन पायऱ्या वेगळ्या केल्या: चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी त्या स्वातंत्र्याच्या गाभ्यातल्या आहेत. कायद्याचा हात पोचतो तो तिसरीपाशी. प्रत्येक ग्रुप ॲडमिनने भिंतीवर लावावी अशी ही विभागणी आहे. तरीही रद्द झालेल्या कलमाखाली पोलीस वर्षानुवर्षं गुन्हे नोंदवत राहिले आणि २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते थांबवण्याचे आदेश द्यावे लागले.

२०२३मध्ये केंद्र सरकारने आपल्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा आहे की नाही हे ठरवणाऱ्या सरकारी कक्षाची तरतूद केली. कुणाल कामरा आणि इतरांनी तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. जानेवारी २०२४मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली आणि सप्टेंबरमध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्या मताने ती तरतूद रद्द ठरली. ते योग्यच झालं. वादात एक पक्ष सरकार असताना खरं-खोटं ठरवण्याचा शिक्काही सरकारच्याच हाती देता येत नाही. नागपूर खंडपीठाने मार्च २०२१मध्ये, दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही, असं सांगितलं, तेही न्यायाचंच आहे. पण गुन्हा नाही म्हणजे जबाबदारी नाही, असा त्याचा अर्थ काढू नये.

मग पडताळणीचं काय? 'बूम', 'ऑल्ट न्यूज' यांच्यासारख्या संस्था चित्रफितीचं मूळ शोधतात, जुना फोटो नवा म्हणून फिरतोय हे दाखवतात. हे मोलाचं काम आहे. पण ते मागून धावतं, आणि मराठीत तर आणखी मागून. मराठीतली शिवी, टोमणा, जातिवाचक खोच यंत्राला अजून नीट कळत नाही. पुण्याच्या 'एल३क्यूब' गटाने २०२२मध्ये २५ हजार मराठी ट्विटचा 'महाहेट' संच तयार केला तो यासाठीच. नऊ कोटींहून अधिक लोकांच्या भाषेचा पहारा इतका तोकडा असावा, याची कंपन्यांना लाज वाटायला हवी. त्यांनी मराठी जाणणारी माणसं नेमावीत, ही मागणी आपण सगळ्यांनी लावून धरली पाहिजे.

आपल्या हातातलं

कंपन्यांनी वेग आवरावा, वजनं कशी ठरवतात ते उघड करावं. वाहिन्यांनी वार्ताहराला गावात पाठवावं. कायद्याने चिथावणीपाशी थांबावं. हे सगळं मागायचंच. पण संशोधनाने एवढं तर दाखवलं, की ठिणगी आपल्याकडची आहे, तेव्हा एक काम आपल्याही वाट्याला येतं. ते काम तटस्थ होण्याचं नाही. मला स्वतःला मतं आहेत आणि ती मी सोडणार नाही. काम आहे ते पूर्वपक्ष परत आणण्याचं: मूळ कागद उघडायचा, पूर्ण भाषण ऐकायचं, आणि उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडायचं.

आमच्या ग्रुपने त्या जूननंतर एवढाच नियम केला. राजकारणावर बंदी घातली नाही. शासन निर्णयावर बोलायचं तर निर्णय जोडायचा, आणि कुणाला खोडायचं तर आधी एका ओळीत त्याचं म्हणणं लिहायचं. पहिले काही आठवडे तो पाळताना सगळ्यांचीच चिडचिड झाली. मेसेज कमी झाले, काही जण गप्पच झाले.

मग एका रात्री, त्या तीन दिवसांत ज्याच्याशी माझं सगळ्यात कडाक्याचं वाजलं होतं, त्याने लिहिलं, "तुझं म्हणणं मला असं समजलं," आणि पुढे चार ओळींत माझी बाजू मांडली. ती पूर्ण बरोबर नव्हती. मी कळवलं, "तिसरी ओळ तशी नाही रे, बाकी तेच म्हणतोय मी." त्याने ती ओळ दुरुस्त केली आणि मग तिच्याविरुद्ध आपला मुद्दा मांडला. मुद्दा पक्का होता. मला उत्तर द्यायला दुसरा दिवस उजाडला, कारण त्यासाठी आधी वाचावं लागलं.